मासळीबाजारातील कोडे

इटली देशाच्या पूर्व किनाऱ्यास एड्रिॲटिक नावाचा समुद्र आहे. या समुद्राच्या काठी अंकोना नावाचे एक जुने बंदर असून तेथे ३ मे १८६० रोजी व्हीतो व्होल्तेरा यांचा जन्म झाला. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. लहान लहान राज्यांत विभागलेला इटली देश एक होऊ पाहत होता आणि त्यासाठी ठिकठिकाणी लढाया चालू होत्या. व्हीतो अवघा काही महिन्यांचा असताना अंकोना शहरास सैन्याचा वेढा पडला. एक तोफगोळा पाळण्याजवळ येऊन आदळला आणि पाळण्याचा चुराडा झाला. बाळ मात्र सुदैवाने बचावले. पुढे याच बाळाने, ज्या समुद्राच्या काठी त्याचा जन्म झाला त्याच समुद्रातील माशांच्या एका कोड्याचा उलगडा केला आणि एका शास्त्रास नवी दृष्टी दिली. सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या परिस्थितीशी असलेले नाते शोधून काढणारे ते शास्त्र म्हणजे परिस्थितिविज्ञान होय.

व्हीतोचे वडील कापडाचा व्यापार करीत. व्हीतो दोन वर्षांचा असतानाच ते वारले. घरात शिल्लक अशी काहीच नव्हती. तेव्हा आई त्या लहानग्याला घेऊन आपल्या भावाच्या आश्रयास गेली. हे मामा पेढीवर नोकरीस होते. त्यांनी बहिणीचा आणि भाच्याचा सांभाळ मायेने केला. व्हीतोचे बहुतेक बालपण फ्लॉरेन्स या नगरात गेले.

मुलाची बुद्धी लहानपणापासूनच गणिताकडे धावत असे. अकराव्या वर्षी तो अंकगणित आणि भूमिती यांवरील मोठमोठे ग्रंथ आपले आपण वाचू लागला. तेराव्या वर्षी त्याच्या हाती ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची एक कादंबरी पडली. तोफेतून उडवलेल्या गोळ्यात बसून माणसे चंद्राकडे निघतात, अशी तिची कथा आहे. इतर मुले अशी गोष्ट वाचून कल्पनेत रमली असती. व्हीतोच्या मनात मात्र प्रश्न उभा राहिला. एका बाजूने पृथ्वी गोळ्याला ओढीत आहे, दुसऱ्या बाजूने चंद्र ओढीत आहे. मग त्या गोळ्याचा मार्ग नेमका कसा असेल? प्रश्न कठीण होता, कारण गोळा जसजसा पुढे सरके तसतशी दोन्ही ओढींची मात्रा क्षणोक्षणी बदलत जाई. मुलाने एक युक्ती योजली. त्याने प्रवासाच्या काळाचे अगदी लहान लहान भाग पाडले, प्रत्येक भागापुरती ओढ बदलत नाही असे मानले आणि एकेका भागाचा हिशेब करून ते एकमेकांस जोडले. क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टींचा हिशेब मांडण्याचा हा छंद त्यास जन्मभर पुरला.

परंतु घरची स्थिती बेताची होती. मुलाने लवकर पेढीत नोकरी धरावी आणि चार पैसे मिळवावेत, असे मामांना वाटे. व्हीतो काही केल्या गणित सोडीना. तेव्हा त्याची समजूत घालण्यास नात्यातील एका अभियंत्यास पाचारण करण्यात आले. ते गृहस्थ मुलाला चार शब्द सांगण्यास आले खरे; परंतु त्याच्याशी बोलल्यावर त्याच्या बुद्धीने तेच थक्क झाले आणि त्यांनी उलट घरच्यांचीच समजूत घातली. फ्लॉरेन्समधील एका प्राध्यापकांनी आपल्या प्रयोगशाळेत व्हीतोला साहाय्यकाचे काम दिले. अशा रीतीने त्याच्या पुढील शिक्षणाची वाट मोकळी झाली.

पुढे पिसा येथील विद्यापीठात शिकून व्होल्तेरा यांनी १८८२ साली डॉक्टर ही पदवी मिळवली आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. १८९२ साली ते तुरीन येथे गेले आणि १९०० साली राजधानी रोम येथील विद्यापीठात रुजू झाले. त्यांची कीर्ती देशोदेशी पसरली. १९०५ साली इटलीच्या राजाने त्यांस सिनेट या वरिष्ठ सभागृहाचे सभासद केले. आकाशातील ग्रहांच्या गतीस गणित लागू पडते, तर सजीवांच्या व्यवहारासही ते लागू पडेल काय, हा विचार त्यांच्या मनात फार पूर्वीपासून घोळत होता. १९०१ साली रोम येथे दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी हाच विषय मांडला होता. मात्र त्यासाठी लागणारा नेमका प्रश्न अद्याप त्यांच्यापुढे आला नव्हता.

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले आणि १९१५ साली इटली त्यात उतरला. व्होल्तेरा तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. तरीही ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. वायूने भरलेल्या प्रचंड वायुनौका त्या काळी युद्धात वापरीत. त्यांत हायड्रोजन वायू भरला जाई आणि तो क्षणात पेट घेई. त्याऐवजी न पेटणारा हेलियम वायू वापरावा, असे सुचवणाऱ्यांत व्होल्तेरा अग्रभागी होते. १९१८ साली युद्ध संपले आणि ते पुन्हा आपल्या विद्यार्थ्यांकडे परतले.

या युद्धाने एड्रिॲटिक समुद्रात एक विलक्षण गोष्ट घडवून आणली होती. ती प्रथम ध्यानात आली ती उम्बेर्तो दांकोना या तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या. दांकोना हे व्होल्तेरा यांचे भावी जावई. त्यांची कन्या लुइसा हिच्याशी १९२६ साली त्यांचा विवाह झाला. त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस या बंदरांतील मासळीबाजारांच्या वह्या दांकोना तपासत होते. कोणत्या वर्षी कोणती मासळी किती आली, याची नोंद त्या वह्यांत होती. आपल्या कोकणात ज्यांना मुशी आणि पाकट म्हणतात, तशा इतर माशांना खाऊन जगणाऱ्या माशांचे प्रमाण त्यांनी काढले. फ्यूमेच्या बाजारात १९१४ साली शंभर भाग मासळीत असे मासे सुमारे १२ भाग होते. युद्धकाळात हे प्रमाण चढत गेले आणि १९१८ साली ते सुमारे ३६ भागांवर पोहोचले. युद्ध संपताच ते उतरू लागले आणि १९२३ साली पुन्हा ११ भागांच्या आसपास आले.

युद्धकाळात समुद्रात जाणे धोक्याचे असल्यामुळे मासेमारी फार कमी झाली होती, हे सर्वांस ठाऊक होते. मासेमारी थांबली की समुद्रात मासे वाढावेत, हेही समजण्यासारखे होते. परंतु वाढ व्हावी ती सर्वच माशांची व्हावी. खाणाऱ्या माशांचाच वाटा एवढा का वाढला? जाळे मोठ्या माशालाही धरते आणि लहान माशालाही धरते. मग जाळे थांबल्याचा लाभ एकट्या मुशींनाच का मिळाला? हे कोडे दांकोना यांनी १९२५ च्या सुमारास व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवले आणि गणिताने ते सुटेल काय, असे विचारले.

समुद्रात माशांच्या कितीतरी जाती. कोणी कोणास खातो, कोणी कोठे अंडी घालतो, कधी पाणी उबदार असते, कधी थंड. या साऱ्याचा हिशेब एकदम मांडणे कोणासही शक्य नव्हते. म्हणून व्होल्तेरा यांनी मनातल्या मनात एक अगदी साधा समुद्र कल्पिला. त्यात माशांच्या दोनच जाती. एक भक्ष्य, म्हणजे खाल्ली जाणारी. दुसरी भक्षक, म्हणजे तिला खाणारी. यांविषयी त्यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या. भक्षक नसेल तर भक्ष्याची संख्या वाढतच जाईल. भक्ष्य नसेल तर भक्षक उपासमारीने घटत जातील. आणि किती भक्ष्य खाल्ले जाईल, हे दोघांच्या गाठी किती वेळा पडतात यावर अवलंबून राहील. भक्ष्य दुप्पट झाले आणि भक्षकही दुप्पट झाले, तर त्यांच्या गाठी चौपट पडतील. एवढ्या तीन गोष्टींवरून त्यांनी दोन समीकरणे लिहिली आणि क्षणोक्षणी होणारा बदल मोजण्याची लहानपणीची ती रीत, आता पूर्ण विकसित झालेल्या गणिताच्या साहाय्याने, त्यांस लागू केली.

समीकरणांतून जे उत्तर निघाले ते मोठे नवलाचे होते. दोन्ही जातींची संख्या कधीच एका जागी ठरत नव्हती. लहान मासे पुष्कळ झाले की मुशींना भरपूर खाद्य मिळते आणि त्या वाढतात. मुशी वाढल्या की लहान मासे घटतात. लहान मासे घटले की मुशींची उपासमार होऊन त्याही घटतात. मुशी घटल्या की उरलेल्या लहान माशांना उसंत मिळते आणि ते पुन्हा वाढू लागतात. रहाटगाडग्याप्रमाणे हे चक्र अखंड फिरत राहते. त्याला फिरवण्यास बाहेरच्या कोणाची गरज नसते; खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्या नात्यातच त्याची गती असते.

मग व्होल्तेरा यांनी त्या कल्पित समुद्रात कोळ्यांचे जाळे सोडले, म्हणजे समीकरणांत मासेमारीची भर घातली. येथे बाजारातील कोड्याचे उत्तर सापडले. मुशींची संख्या सरासरीने टिकून राहावयाची, तर त्यांच्या वाढीचा आणि मृत्यूचा मेळ बसला पाहिजे. मासेमारी चालू असता मुशींना नैसर्गिक मरणाबरोबर जाळ्यातील मरणही सोसावे लागते. एवढी तूट भरून निघण्यास खाद्य मुबलक हवे. म्हणून समुद्रात लहान मासे पुष्कळ असतील तरच मुशींचा निभाव लागतो. मासेमारी थांबली की ही तूट कमी होते. आता थोड्या खाद्यावरही मुशी तगतात. शिवाय लहान माशांचा जो भाग पूर्वी कोळ्यांच्या जाळ्यात जात असे, तोही त्यांच्याच मुखी पडतो. म्हणून मासेमारी थांबल्याचा लाभ भक्षकाला होतो आणि बेताची मासेमारी चालू असेल तर तो भक्ष्याला होतो. मात्र मासेमारी बेसुमार झाली तर दोघांचाही नाश ओढवतो, हेही त्याच गणिताने दाखवून दिले.

१९२६ साली व्होल्तेरा यांनी हे विचार प्रसिद्ध केले. थोड्याच दिवसांत अमेरिकेहून आल्फ्रेड लोटका या विद्वानाचे पत्र आले. लोटका न्यूयॉर्क येथील एका विमा कंपनीत संख्याशास्त्राचे काम करीत. तशीच समीकरणे त्यांनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडली होती. व्होल्तेरा यांना त्याची काहीच वार्ता नव्हती. दोघे स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोहोचले होते. दोन जातींच्या चक्राचा विचार लोटका यांनी आधी मांडला होता, हे जगद्विख्यात व्होल्तेरा यांनी उघडपणे मान्य केले. आपल्या विचारात जे वेगळे होते तेवढेच त्यांनी निराळे दाखवले. आज ही समीकरणे लोटका आणि व्होल्तेरा अशा दोघांच्याही नावाने ओळखली जातात.

दरम्यान इटलीवर संकट कोसळले होते. १९२२ साली मुसोलिनी याच्या हाती सत्ता आली आणि हळूहळू लोकांचे स्वातंत्र्य हिरावले गेले. फॅसिस्ट पक्षाविरुद्ध बोलणाऱ्यास तुरुंग दाखवला जाऊ लागला. व्होल्तेरा यांनी सिनेटमध्ये या राजवटीस विरोध केला. १९२५ साली देशातील विचारवंतांनी फॅसिस्टांच्या निषेधाचे एक पत्रक काढले; त्यावर त्यांनी आपली सही केली. पुढे १९३१ साली सरकारने फर्मान काढले की, विद्यापीठातील प्रत्येक प्राध्यापकाने फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी. देशात तेव्हा बाराशेच्या आसपास प्राध्यापक होते. कोणी भीतीने, कोणी पोटासाठी, कोणी मुलाबाळांकडे पाहून, जवळजवळ सर्वांनी शपथ घेतली. नकार देणारे जेमतेम बारा निघाले. त्यांत एकाहत्तर वर्षांचे व्होल्तेरा होते.

या नकाराची किंमत त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी पुरेपूर मोजली. तीस वर्षे ज्या रोम विद्यापीठात शिकवले, त्याची दारे त्यांना बंद झाली. १९३४ साली इटलीतील सर्व शास्त्रसंस्थांमधून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. ज्या प्राचीन लिंचेई अकादमीचे ते काही वर्षांपूर्वी अध्यक्ष होते, तिच्यातही त्यांस स्थान उरले नाही. व्होल्तेरा यांचे घराणे यहुदी होते. १९३८ साली यहुद्यांविरुद्ध कायदे झाले, तेव्हा त्या घराण्यावर आणखी हालअपेष्टा आल्या. तथापि व्होल्तेरा यांचे काम थांबले नाही. भक्ष्य आणि भक्षक यांविषयीची त्यांची व्याख्याने १९३१ साली पॅरिस येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि देशोदेशीचे जीवशास्त्रज्ञ ती वाचू लागले.

कोणताही सिद्धांत मांडला गेला म्हणजे खरा ठरत नाही. त्याची कसोटी घ्यावी लागते. ज्या १९३४ साली इटलीने व्होल्तेरा यांचे नाव पुसले, त्याच साली मॉस्को येथील गाउझे या अवघ्या तेवीस वर्षांच्या रशियन शास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. काचेच्या नळीत त्याने पॅरामिशियम नावाचे एकपेशीय जीव वाढवले आणि त्यांत त्यांना खाणारे डिडिनियम नावाचे जीव सोडले. समीकरणाप्रमाणे चक्र फिरावयास हवे होते. परंतु डिडिनियमने सारे भक्ष्य फस्त केले आणि नंतर उपासमारीने तेही मेले. नळीच्या तळाशी भक्ष्याला लपण्यास जागा ठेवली, तेव्हा भक्षक मेले आणि भक्ष्य उरले. काही दिवसांच्या अंतराने बाहेरून नवे जीव आणून सोडले, तेव्हाच चक्र फिरू लागले.

मग सिद्धांत खोटा म्हणावयाचा काय? शास्त्रज्ञांनी तसे म्हटले नाही. साध्या समुद्रात जे गृहीत धरले होते त्यात कशाची उणीव आहे, ते या प्रयोगाने दाखवून दिले. लपण्याच्या जागा आणि ये-जा करण्याच्या वाटा यांचाही विचार करावयास हवा, हे ध्यानात आले. १९५८ साली अमेरिकेत हफाकर या शास्त्रज्ञाने संत्री मांडून त्यांवर दोन प्रकारच्या सूक्ष्म कोळीकिडी सोडल्या. एक संत्र्याचा रस पिणारी, दुसरी तिला खाणारी. वाटेत अडथळे उभारून आणि भक्ष्यास निसटून जाण्याची सोय करून त्याने भक्ष्य आणि भक्षक यांचे चक्र तीन वेळा फिरवून दाखवले. व्होल्तेरा यांची समीकरणे नसती, तर कशाचा शोध घ्यावयाचा, हे या प्रयोगकर्त्यांना कोणी सांगितले असते?

व्होल्तेरा मात्र हे पाहण्यास हयात नव्हते. ११ ऑक्टोबर १९४० रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि मुसोलिनीची सत्ता अद्याप अबाधित होती. १९४३ साली ती सत्ता कोसळली.

समुद्रासाठी शोधलेला त्यांचा नियम पुढे शेतांत आणि बागांतही उपयोगी पडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात संत्र्यालिंबांच्या बागांवर एक पांढरी खवले कीड पडत असे. १८८८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून तिला खाणारे एक प्रकारचे ढालकिडे आणून सोडले, तेव्हा ती आटोक्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर बागांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारण्यात आले आणि पाहतात तो खवले कीड उलट वाढली. औषधाने ढालकिडे मारले गेले होते. कोळ्याचे जाळे जसे मुशी आणि लहान मासे असा भेद करीत नाही, तसे विषही शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाही. भक्ष्य आणि भक्षक या दोघांनाही मारू गेले, तर लाभ भक्ष्याला होतो, हे व्होल्तेरा यांनी १९२६ सालीच सांगून ठेवले होते.

आज कोणत्या ऋतूत किती मासेमारी करावी, पिकावरील किडीचा बंदोबस्त कसा करावा, जंगलातील हरणे आणि वाघ यांचे प्रमाण कसे राहते, अशा प्रश्नांचा अभ्यास करणारे विद्यार्थी प्रारंभी ती दोन समीकरणेच शिकतात. त्यांत पुढे कितीतरी भर पडली आहे आणि अद्याप पडत आहे. मासळीबाजाराच्या जुन्या वह्यांत दडलेला एक प्रश्न तरुण प्राणिशास्त्रज्ञाने पाहिला, वृद्ध गणित्याने त्याचा नियम शोधला, दूरदेशीच्या संशोधकांनी त्या नियमाची परीक्षा घेऊन त्यातील उणिवा भरून काढल्या. अशा अनेक हातांनी परिस्थितिविज्ञान उभे राहिले आहे. त्यांपैकी एक हात अशा पुरुषाचा होता की, ज्याने पुराव्यावाचून कोणताही सिद्धांत मानला नाही आणि मनाला न पटलेल्या शपथेच्या कागदावर सहीही केली नाही.